पुढचे दांडे

कोइमतूरच्या शर्यतीतून माझी गाडी परत आली ती आमच्याच ट्रेलरवर, निळ्या ताडपत्रीत गुंडाळून. ताडपत्री सोडली तेव्हा अर्धं गाव गॅरेजसमोर जमलं होतं, दारात मयत आल्यासारखं. लोक हळू आवाजात बोलत होते, आणि माझ्या झोळीतल्या हाताकडे बघून दोन बायकांनी डोळ्याला चक्क पदर लावला. मी तिथंच उभी होते, जिवंत, सकाळी दोन बांगडे रिचवून आलेली. मला इतका राग आला की मी हिरामणला सांगितलं, सगळ्यांना चहा पाज आणि वाटेला लाव.

मी कल्पिता घरत. उरणकडे जाताना खोपट्याच्या अलीकडे मिठागरांच्या कडेला आमचं गॅरेज आहे. बंदरातले कंटेनर वाहणारे ट्रेलर आपटले, उलटले, मधोमध बसले की आमच्याकडे येतात. माझे वडील रामचंद्र घरत, म्हणजे सगळ्यांचे रामशेठ आणि माझे आबा, त्यांना सरळ करतात. ट्रेलरवाले पनवेलची आठ गॅरेजं ओलांडून आबांकडे का येतात, तर आबांनी सांधलेली गाडी पुन्हा त्या जागी वाकत नाही. आबांचा वेल्डिंगचा जोड आमच्या गॅरेजात कोणी कापत नाही. तसा कुठं नियम लिहिलेला नाही, पण हिरामण तेवीस वर्षं इथं डेंटर आहे, ठोकलेला पत्रा सरळ करणारा, आणि त्याने एकदाही कापलेला नाही.

याच गॅरेजच्या मागच्या शेडमध्ये आमचा रेसिंगचा संघ आहे. संघ म्हणजे मी चालवणारी, दिवेआगरचा यशोधन इंजिनीअर, हिरामण आणि एक गाडी. टुरिंग कार म्हणजे रस्त्यावरची साधी चारचाकीच. आतून सोलून काढायची, पोलादी नळ्यांचा पिंजरा बसवायचा, इंजिन पिळून काढायचं आणि राष्ट्रीय स्पर्धेत उतरवायची. आमच्यासमोर येतात ते पुण्या-मुंबईचे, बंगळुरूचे संघ. त्यांच्या मेकॅनिकांचे गणवेश आमच्या पाहुण्यांच्या कपड्यांपेक्षा चांगले असतात.

कोइमतूरला मागच्याने मला वळणात ठोकर दिली. गाडी सरळ टायरच्या भिंतीवर गेली, डावं नाक आत घुसलं, मग गाडी आडवी होऊन एकदा उलटली. सीटच्या पट्ट्याने माझं गळ्याखालचं हासळीचं हाड मोडलं. बाकी मी स्वतःच्या पायांनी बाहेर आले. पुढचं चाक, रेडिएटर, गिअरबॉक्सचं कवच, एक्सल, सगळं गेलं. ज्याला हे माहीत नाही त्याला वाटतं की रेसमध्ये पैसे पेट्रोलला लागतात. पेट्रोलला काय लागतं? पैसे लागतात ते भिंतीला. मोठ्या संघाची गाडी भिंतीवर गेली की त्यांचा मॅनेजर वैतागतो आणि दुसरी गाडी उतरवतो. आमची गेली की आमचा गणपती जातो, दिवाळी जाते, हिरामणच्या बायकोचं माहेरपण जातं आणि यशोधनची लग्नाची बोलणी पुढच्या वर्षावर जातात.

अपघातानंतर तिसऱ्या दिवशी पुण्याच्या एका संघाचा मॅनेजर गणराज याचा फोन आला. आवाजात मध. माझी तब्येत विचारली, आईची विचारली, आणि म्हणाला की इंजिन वाचलं असेल तर तो विकत घ्यायला तयार आहे, चांगला भाव देईल. "छोट्या संघांनी कुठं थांबायचं ते ओळखावं, ताई. यात कमीपणा नाही." शिव्या देणारा माणूस मला चालतो. कणव दाखवणारा माणूस माझ्या डोक्यात जातो. मी त्याला सांगितलं की चेन्नईला स्पर्धेच्या शेवटच्या फेरीला भेटू, आणि फोन ठेवला.

बोलून तर बसले. आता गाडी उभी करणं भाग होतं. ती चेन्नईला उतरली नाही तर उरणचा टायरवाला, आमचा एकुलता प्रायोजक, आमच्यामागून निघून जाणार होता. वर्षातल्या सगळ्या फेऱ्यांना त्याचं नाव गाडीवर दिसलं पाहिजे ही त्याची एकच अट होती. तो गेला की संघ संपला. मग मी पुन्हा गॅरेजच्या ऑफिसात बसून ट्रेलरवाल्यांच्या विमा कंपन्यांशी भांडायला मोकळी.

यशोधनने गाडी दोन दिवस मोजली. सगळीकडे दोरे लावले, खडूने खुणा केल्या, स्वतःशी पुटपुटला. शेवटी म्हणाला की पिंजरा शाबूत आहे, मागचा भाग ओढून सरळ होईल, पण नाक कापून टाकावं लागेल. इंजिनच्या दोन्ही बाजूंनी पुढे जाणारे दोन पोकळ दांडे असतात, त्यांच्यावरच सगळं नाक उभं असतं. डावा दांडा कोलमडला होता आणि उजवाही आपल्या जागेवरून हलला होता. तळा गावाजवळ याच मॉडेलची, मागून ठोकलेली एक गाडी भंगारात होती. तिचं नाक चांगलं होतं. ते आणायचं आणि आमच्या गाडीला सांधायचं. पण त्यासाठी जमिनीत रूळ बसवलेला ओटा हवा, साखळ्या आणि जॅक हवेत. म्हणजे आबा हवेत.

आबा अपघातापासून त्या गाडीजवळ फिरकले नव्हते. ते अपघाताचा व्हिडिओ बघत. जेवताना, घराच्या पायरीवर बसून, मोबाइल डोळ्यांशी धरून, आवाज बारीक करून. आई म्हणायची की बघू नका, आणि ते मोबाइल उलटा ठेवायचे, मग पाच मिनिटांनी पुन्हा. म्हणून मी विचारायला गेले तेव्हा भांडणाच्याच तयारीने गेले होते. त्यांनी माझं ऐकून घेतलं आणि म्हणाले, आणा ओट्यावर. फक्त पुढचं काम मी एकटा करीन, कोणी मध्ये हात घालायचा नाही. मला एवढा आनंद झाला की मी का ते विचारलंच नाही.

त्यांनी गाडी ज्या तऱ्हेने ओढली ते बघण्यासारखं होतं. नवशिका साखळी लावतो, जॅक दाबतो आणि पत्रा एका दमात सरळ करायला जातो. तो पत्रा मग दुसऱ्या दिवशी हळूच परत वाकतो. आबा थोडं ओढत, थांबत, हातोडीने आजूबाजूला टकटक करत, आणि ताण तसाच ठेवून घरी जात. सकाळी येऊन पुन्हा थोडं. पत्र्याला सवय होऊ द्यावी लागते, असं त्यांचं म्हणणं. गणपतीत सगळं कोकण बंद असतं, यशोधनही दिवेआगरला घरच्या गणपतीला गेला, पण आबा दुपारची आरती झाली की अंगावर प्रसादाचा वास घेऊन शेडमध्ये येत आणि दार लावून घेत. आतून वेल्डिंगचा निळा उजेड दिसायचा. आई त्यांना एकदा म्हणाली की देव घरात बसलाय आणि तुम्ही लोखंडात. त्यावर ते हसले. अपघातानंतर मी त्यांना पहिल्यांदा हसताना बघितलं.

यशोधन परत आला तोवर नाक बसलं होतं. जोड असे की बोट फिरवलं तरी कळू नये. वर करडा रंगही मारून झाला होता. यशोधनने मापं घेतली, तीही बरोबर. आम्ही इंजिन चढवलं, चाकं लावली आणि गाडी चारही चाकांखाली वजनकाटे ठेवून तोलली. रेसच्या गाडीत वजनाला सोन्यासारखं जपतात.

पुढची चाकं भलतीच जड निघाली. यशोधनने काटे बदलले, टाकीतलं पेट्रोल काढलं, बॅटरी काढली. आकडा हलेना. तो बिचारा आपलंच कुठं चुकलं ते शोधत बसला. मी मात्र ट्रेलरच्या गॅरेजात वाढले आहे. मी पाना घेतला आणि उजव्या दांड्यावर वाजवला. पोकळ लोखंड वाजतं. हे वाजलं नाही, नुसतं ठप्प झालं. डावाही ठप्प.

आबांनी दांड्यांच्या आतून जाड पट्ट्या भरल्या होत्या. ट्रेलरच्या चॅसीला भरतात तशा, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि वरून तोंड बंद करून, घासून, रंगवून टाकलं होतं. चाळीस टन माल घेऊन खड्ड्यात गेली तरी ती गाडी तिथं वाकली नसती.

आबा दारातच उभे होते. मला ठप्प ऐकू आलं तसं त्यांनाही आलं. मी काय बोलले ते सगळं इथं लिहीत नाही. आई-बापाशी असं बोलू नये असं जे जे असतं ते बोलले. चोरून केलंत, दार लावून केलंत, हसत हसत केलंत. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तुझी गारी पुट्ठ्यावानी चुरगलली. मी बघला ना. आता परत नाय चुरगलनार."

"ती चुरगलली म्हणून मी वाचले, आबा. नाक वाकलं म्हणून धक्का तिथंच संपला. आता गारी वाकली नाय तर मी वाकनार. सगला धक्का मानेवर येनार."

"मंग बसूच नको तिच्यान."

त्यांच्या तोंडून एकदाचं निघालं. त्यांना गाडी मजबूत करायची होती हे खरंच, पण त्याच्याखाली हे होतं. गाडी जड झाली, मागे पडली, स्पर्धेच्या तपासणीत नापास झाली, तरी त्यांना चालणार होतं. मला त्यांची माया कळत होती आणि त्याच वेळी तिचा संताप येत होता. माया अशी लोखंडात भरून, वरून रंग मारून द्यायची असते का?

मी हिरामणला म्हटलं, दोन्ही दांडे काप. हिरामणने ग्राइंडर उचलला, आबांकडे बघितलं आणि परत खाली ठेवला. त्याचा दोष नाही. तेवीस वर्षांचा हात एका दिवसात उलटा चालत नाही. मग मी घेतला. हासळी अजून पुरती जुळलेली नव्हती, डॉक्टरने पाण्याची बादलीसुद्धा उचलू नको म्हणून सांगितलं होतं. पहिल्या जोडावर चकती टेकवली तेव्हा खांद्यातून कळ अशी गेली की डोळ्यांपुढे अंधारी आली. मी थांबले नाही. ठिणग्या आबांच्या पायांपर्यंत उडत होत्या. ते मागे सरले नाहीत आणि मला थांब असंही म्हणाले नाहीत. दुसरा दांडा खाली पडला तेव्हा ते घरी निघून गेले.

आता गाडीला नाकच नव्हतं. तळ्याहून आणलेलं नाक आम्ही आधीच वापरून वाया घालवलेलं. यशोधनने पेण, पनवेल, खोपोली, सगळीकडे फोन केले. याच मॉडेलची चांगली गाडी भंगारात कोणी ठेवत नाही. शेडच्या बाहेर एक होती. पांढरी, धुतलेली, आरशाला गणपती लटकवलेला. पदवी मिळाली तेव्हा आबांनी मला घेऊन दिलेली माझी गाडी, मी रोज पनवेलला नेते ती.

यशोधन म्हणाला की हा वेडेपणा आहे, एक फेरी हुकली तर आभाळ कोसळणार नाही. मी म्हटलं की एक फेरी हुकली की दुसरी हुकायची सवय लागते, आणि गणराज फोन करायला टपलेलाच आहे. चावी हिरामणला दिली. माझी गाडी कापायला त्याला काही वाटलं नाही, तीत आबांचा जोड नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेडमध्ये आले तर आबा आधीच आत होते. कोपऱ्यात आमचं मोठं प्रेस आहे, ट्रेलरचे बुश, म्हणजे सांध्यांतल्या नळ्या, दाबून बसवायचं. त्यात त्यांनी काल मी कापलेला आपला पट्टीवाला दांडा उभा धरला होता. प्रेस कण्हत होतं, त्याचे पाय जमिनीवरून उचलायला आले होते, दांडा ढिम्म, सगळा जोर उलटा प्रेसवरच. त्यांनी तो काढला आणि अपघातातल्या गाडीचा, आधी कापून ठेवलेला उजवा रिकामा दांडा लावला. तो घडी पडत पडत बसत गेला, आणि प्रेस जागचं हललंही नाही. आबा त्या दोन्ही तुकड्यांकडे बराच वेळ बघत राहिले. मला जिंकल्याचं तोंड करून उभं राहायची फार इच्छा होती.

मग त्यांनी यशोधनला हाक मारली. "कुठं वाकली पायजे? खूण कर."

यशोधनने पांढऱ्या गाडीच्या दांड्याच्या पुढच्या टोकाला खडूने रेघा ओढल्या. आधी इथं, मग इथं, आणि या रेघेच्या मागे अजिबात नाही. आबांनी विचारलं की जे वाकणार आहे ते सांधून का टाकायचं. ट्रेलरला झिजणाऱ्या वस्तू नटबोल्टवर असतात, झिजली की खोल आणि दुसरी लाव. यशोधन त्यांच्याकडे बघतच राहिला. पुढची टोकं कापून तिथं वेगळे पत्र्याचे डबे बोल्टवर बसवायचे असं ठरलं, आणि यशोधनने स्पर्धेच्या तपासनीसांना फोटो पाठवून तशी परवानगी काढली.

डब्यांना वाकण्यासाठी खाचा पाडायच्या होत्या. जन्मभर ज्या माणसाने लोखंड वाकू नये म्हणून घाम गाळला, त्याने छिन्नी धरून त्याच लोखंडाला मुद्दाम कमजोर करायचं. पहिल्या खाचेला त्यांनी हातोडी उचलली आणि तशीच धरून ठेवली. कपाळावर घाम आला. "हात नाय उठत," ते हळूच म्हणाले. मी छिन्नी धरायला बसले, आणि त्यांनी माझ्या बोटांच्या वर, छिन्नीच्या डोक्यावर हातोडी मारली. मग मारतच गेले.

चेन्नईला आबा आले. पहिल्यांदाच. धोतराऐवजी पँट घालून, ट्रेलर स्वतः चालवत. गाडीचं वजन बरोबर भरलं, तपासणी झाली, आणि शनिवारी दुपारी सरावात मी बाहेर पडले. खांदा बोलत होता, पण गाडी त्याहून गोड बोलत होती. मी जरा जास्तच ऐकलं तिचं. सहाव्या चकरेत, ब्रेक उशिरा दाबून, मी आमचं नवंकोरं नाक घेऊन सरळ टायरच्या भिंतीत गेले. या वेळी ठोकर द्यायला मागे कोणी नव्हतं. सगळी अक्कल माझीच.

मी बाहेर आले. मान हलवून बघितली, हात हलवून बघितले. सगळं जागेवर. दोन्ही डबे घडी पडून बसले होते, बरोबर खडूच्या रेघांवर, आणि रेघेच्या मागे दांडे सरळच्या सरळ. रेडिएटर फुटला होता, बंपर गेला होता. ओढून आणलेली गाडी आमच्या जागेत उभी केली तेव्हा मी आबांकडे बघायची टाळाटाळ केली. त्यांच्यासमोर झालेला माझा हा पहिला अपघात. दोन महिने, एक गणपती, माझी पांढरी गाडी, सगळं त्या चुरगळलेल्या पत्र्यात होतं. मला वाटलं आता ते ट्रेलरची चावी काढतील आणि घरी चला म्हणतील.

गणराज आलाच. हातात पाण्याची बाटली, चेहऱ्यावर तीच कणव. माझी विचारपूस केली आणि मग आबांकडे वळून म्हणाला, "काका, आता तरी इंजिन देऊन टाका. उद्यापर्यंत काही हे उभं राहत नाही."

आबा गाडीपुढे उकिडवे बसले होते. त्यांनी चुरगळलेल्या डब्यावरून हात फिरवला, आतपर्यंत बोट घालून दांडा चाचपला. मग उठले, ट्रेलरवर चढले आणि गोणपाटात बांधलेलं काहीतरी घेऊन उतरले. गोणपाट सोडलं. आत डब्यांची दुसरी जोडी होती. खाचा पाडलेले, रंगवलेले, बोल्टसकट.

मला यातलं काहीच माहीत नव्हतं. यशोधनला नव्हतं, हिरामणलाही नव्हतं.

"वाकनारी वस्तू एकच जोरी करून कसा चालंल," आबा म्हणाले, पण गणराजकडे बघून नाही, माझ्याकडे बघून. मग त्यांनी गणराजला उत्तर दिलं. "इंजिन विकायचा नाय. ह्ये बी वाकले तर घरी आनखी तीन जोऱ्या हायत."

हिरामणने पाना उचलला. यशोधन रेडिएटर आणायला पळाला. मी आबांना म्हटलं की चुकले, ब्रेक उशिरा मारला. ते बोल्ट सोडवत होते, वर न बघता म्हणाले की ते दिसलंच, उद्या जरा लवकर मार. आणि मग एक बोल्ट माझ्या हातात देऊन त्यांनी मला बाजूला बसायला जागा करून दिली.